प्रिंट मळकट येतेय? पाकीट फेकण्याआधी तीन पट्ट्या कापा

डार्करूममध्ये जुन्या फोटो पेपरवर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "जुना पेपर मिळाला, पाकीट सीलबंद होतं, प्रिंट काढली, पण पांढरं काही पांढरं येईना. आकाश मळकट, आजोबांचं धोतर मळकट, चारी बाजूंची कडसुद्धा मळकट." आणि लगेच पुढचं वाक्य: "एक्स्पोजर कमी केलं तर पांढरं तसंच राहिलं, उलट काळं होतं तेही गेलं."

उत्तर त्या कडेपासूनच सुरू होतं. ईझलच्या, म्हणजे पेपर सपाट धरणाऱ्या चौकटीच्या, पात्याखाली पेपरची जी अर्ध्या सेंटिमीटरची कड दबलेली असते, तिथे एन्लार्जरचा (निगेटिव्हचं चित्र मोठं करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राचा) उजेड पोचतच नाही. तीच राखाडी आली असेल तर निगेटिव्ह, लेन्स, एक्स्पोजर ही सगळी मंडळी सुटली. उरतात चार संशयित: खुद्द पेपर, सेफलाइट (पेपरला बाधू नये असा डार्करूमचा मंद रंगीत दिवा), डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) आणि खोलीत कुठूनतरी शिरणारा उजेड. बहुतेक जण पहिल्यावर शिक्का मारतात आणि शंभर शीटचं पाकीट कचऱ्यात जातं. मीही एकदा हेच केलंय. पुढे दोन महिन्यांनी नवाकोरा पेपरही मळकट यायला लागला तेव्हा कळलं, दोष बाथरूममधल्या लाल दिव्याचा होता. त्या पाकिटाची हळहळ अजून जात नाही.

फॉग म्हणतात तो प्रकार आधी थोडक्यात. पेपरवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण असतात. उजेड लागलेले कण डेव्हलपर काळे करतो, बाकीचे सोडून देतो. वर्षं सरली आणि त्यात उष्णता लागली, की काही कण उजेड न बघताच बघितल्यासारखे वागायला लागतात आणि डेव्हलपर त्यांनाही काळं करतो. हा फॉग बहुधा सगळ्या शीटभर सारखाच असतो. काळ्या भागात तो बुडून जातो, पांढऱ्यात मात्र डोळ्यावर येतो. म्हणूनच एक्स्पोजर कमी करून काही साधत नाही. कमी होतं ते उजेडाचं काळं. फॉगचं होतं तेवढंच राहतं.

पट्ट्यांची परीक्षा

सेफलाइट बंद. मोबाइल खोलीबाहेर, चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळही बाहेर. पाकिटातून एक शीट काढा आणि अंधारातच तिच्या दोन बोटं रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. हाताला ओळखू याव्यात म्हणून पहिलीचा एक कोपरा छाटा, दुसरीचे दोन, तिसरी तशीच पाकिटात परत.

पहिली पट्टी थेट फिक्सरमध्ये, म्हणजे काळे न झालेले कण काढून टाकणाऱ्या द्रावणात. तिला डेव्हलपर दाखवायचाच नाही. दुसरी डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ: आरसी (प्लॅस्टिकचा मुलामा असलेला) पेपर असेल तर दीड मिनिट, फायबर (साध्या कागदाचा) असेल तर तीन. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग फिक्सर. या दोन्ही फिक्सरमध्ये पुरेशा वेळ राहिल्या की मगच सेफलाइट लावा. आता तिसरी पट्टी काढून एरवी पेपर जिथे ठेवता तिथेच ठेवा, वर एक नाणं ठेवा आणि सात मिनिटं हात लावू नका. मग तिलाही डेव्हलप करून फिक्स करा.

निकाल लाल दिव्याखाली वाचायचा नाही. पट्ट्या धुवून, ओल्या असतानाच खिडकीपाशी पांढऱ्या बशीत शेजारीशेजारी ठेवा. पहिली पट्टी म्हणजे हा पेपर जास्तीत जास्त जेवढा पांढरा होऊ शकतो तेवढा. काही पेपर मुळातच सायीसारख्या रंगाचे असतात, त्यामुळे तुलना बशीशी करायची नाही, या पट्टीशी करायची. दुसरी तिच्यासारखीच निघाली तर पेपर निर्दोष आहे. किंचित राखाडी असेल तर वाचवता येतो. ओल्या सिमेंटसारखी असेल तर त्याच्यावर नेहमीच्या प्रिंट काढायचा नाद सोडा. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो. तिसरीवर नाण्याचा गोल उमटला असेल तर सेफलाइट दोषी, नाहीतर खोलीत शिरणारा उजेड.

या नाण्याच्या परीक्षेत एक फट आहे. अगदी कमी उजेड एकट्याने पेपरवर काही उमटवू शकत नाही, पण पेपरने आधीच थोडा उजेड खाल्ला असेल तर तोच उजेड पुरेसा होतो. म्हणजे कोरी पट्टी पास होते आणि प्रत्यक्ष प्रिंटमधले हलके करडे रंग मात्र मळतात. म्हणून तिसऱ्या पट्टीला नाणं ठेवण्याआधी एन्लार्जरखाली जेमतेम करडी छटा येईल एवढा उजेड द्यावा. जुन्या, फॉगच्या उंबरठ्यावर आलेल्या पेपरच्या बाबतीत तर हे टाळूच नये.

चौथा तुकडाही कापा, तोही भर उजेडात. तो डेव्हलपरमध्ये टाकला की दोन मिनिटांत कोळशासारखा काळा व्हायला हवा. तपकिरी किंवा करडाच राहिला तर एकतर डेव्हलपर मेलाय किंवा पेपर. कुणाचं मरण ते ठरवायला नव्या पेपरचा एक कपटा त्याच ट्रेमध्ये टाकून बघा.

आणि थर्मामीटर लावा. बाटलीवरचे आकडे २० अंशांसाठी असतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. एवढ्या गरम डेव्हलपरमध्ये बऱ्या पेपरवरही फॉग चढतो, वयस्कर पेपरचं तर विचारूच नका. मी पोळ्यांच्या परातीत बर्फाचं पाणी घालून तिच्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवतो. बर्फ ट्रेमध्ये नाही, परातीत.

साल विचारू नका, जागा विचारा

मागच्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मला चार पाकिटं मिळाली. स्टुडिओवाल्या काकांनी प्रत्येक झाकणावर पेन्सिलीने खरेदीचं साल लिहून ठेवलेलं. तिघांवर १९९८, एकावर १९८६. मी अर्थातच ९८ वाल्यांवर खूश होतो. काकांनी ती हातात घेऊन सालाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "ही कुठं घावली तुला?" म्हटलं, माळ्यावर. "वर पत्रा हाय. गेली ती." आणि ८६ चं? ते लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात, काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. "ते बघ काढून."

घरी येऊन पट्ट्या कापल्या. माळ्यावरची तिन्ही सिमेंट. लुगड्यातल्या पाकिटाची दुसरी पट्टी मी तीनदा खिडकीपाशी नेली तेव्हा कुठे पहिलीपेक्षा कणभर मळकट दिसली. बारा वर्षांनी थोरला पेपर धाकट्यापेक्षा धडधाकट. पत्र्याखालच्या माळ्यावर एक उन्हाळा म्हणजे खालच्या खोलीतली कित्येक वर्षं. उटीच्या थंडीत हिंदुस्थान फोटो फिल्म्सने बनवलेल्या 'इंदू' पेपरलाही इकडे येऊन असलेच माळे नशिबी यायचे.

अर्थात सगळं माप जागेच्या पदरात घालणंही बरोबर नाही. माळ्यावरची तिन्ही पाकिटं आरसी मल्टिग्रेडची (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या पेपरची) होती आणि कपाटातलं साध्या ग्रेड २ च्या, म्हणजे एकाच ठरलेल्या कॉन्ट्रास्टच्या, फायबर ब्रोमाइडचं. काही आरसी पेपरांच्या थरात कारखान्यातच डेव्हलपिंग एजंट घातलेलं असतं. ते लवकर पिवळट-तपकिरी पडतात. मल्टिग्रेडचं दुखणं वेगळंच. त्याच्यात निळ्या आणि हिरव्या उजेडाला वेगवेगळा प्रतिसाद देणारे थर एकत्र केलेले असतात आणि तो समतोल वयाबरोबर ढळतो. साध्या ग्रेडचा फायबर पेपर त्या मानाने चिवट. आणि सगळ्यांत चिवट म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंटचे (निगेटिव्ह थेट पेपरवर टेकवून काढायच्या प्रिंटचे) मंद क्लोराइड पेपर. कोडॅकचा 'अझो' कुठे दिसला तर साल न बघता उचला. कोडॅकने २००५ साली ब्लॅक अँड व्हाइट पेपर बनवणंच थांबवलं, म्हणजे आता मिळेल तो प्रत्येक अझो जुनाच असणार, आणि तरीही तो पुष्कळदा स्वच्छ निघतो.

थोडा फॉग असेल तर

औषधाचं नाव बेंझोट्रायझोल. पांढरी पूड असते, रसायनांच्या दुकानात मिळते. १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं द्रावण करून ठेवा. थंड पाण्यात ती लवकर विरघळत नाही, पाणी चांगलं कोमट घ्या. हातमोजे घाला, पूड उडवू नका. चालू डेव्हलपरमध्ये लिटरला १० मिलिलिटरपासून सुरुवात करायची. हे बेंझोट्रायझोल हॅलाइडच्या कणांवर जाऊन बसतं आणि उगाच काळे होऊ पाहणाऱ्या दुबळ्या कणांना अडवतं.

मात्रा अंदाजाने घालू नका. फिक्सरमधून काढलेली ती पहिली पट्टी समोर ठेवा. १० मिलिलिटर घालून एक कोरी पट्टी डेव्हलप करा आणि जोडून बघा. अजून मळकट? आणखी ५ घाला, नवी पट्टी. ज्या मात्रेला दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतील तिथे थांबायचं. माझा ८६ चा पेपर १५ वर ताळ्यावर आला. ४० मिलिलिटरनेही फरक पडत नसेल तर पुढे ओतत बसू नका, कारण हे औषध फुकट काम करत नाही. पेपरचा वेग पडतो, चित्र उमटायला उशीर लागतो, एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागतं. काळा रंगही निळसर, थंड होतो. निसर्गचित्राला तो शोभतो, माणसाच्या चेहऱ्याला मला आवडत नाही.

चेहऱ्यांसाठी मी पोटॅशियम ब्रोमाइड वापरतो: १० टक्क्यांचं द्रावण, लिटरला १० ते २० मिलिलिटर. रंग उबदार राहतो, फार झालं तर हिरवट झाक येते. ते बेंझोट्रायझोलएवढं जोरकस नाही. शिवाय बऱ्याच डेव्हलपरांत ते असतंच. कोडॅकच्या डी-७२ डेव्हलपरच्या मूळ द्रावणात लिटरला २ ग्रॅम असतं.

दोन्ही मिळत नसतील तर बिनखर्चाचा उपाय म्हणजे एक्स्पोजर वाढवून डेव्हलपमेंट आखडती घेणं. चित्र आधी येतं, फॉग मागून चढतो. फायबर पेपर तीन मिनिटांऐवजी सव्वा मिनिटात उचलला तर बराचसा फॉग मागेच राहतो. पण ट्रे सतत हलवत ठेवायला हवा, नाहीतर आकाशात ढग नसताना ढग दिसतील. काळंही जरा उणं पडतं.

आणि प्रिंट हातात आल्यावरचा इलाज म्हणजे प्रिंट फिकट करणारा फार्मर रिड्यूसर: पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपो, म्हणजे साधा फिक्सर. मी एक लिटर पाण्यात १० टक्के फेरिसायनाइडच्या द्रावणाचे थोडे मिलिलिटर घालतो, पाण्याला लिंबाच्या सरबताचा रंग येईपर्यंत. थोडी गडद काढलेली ओली प्रिंट त्यात पाच-सात सेकंद, लगेच बाहेर, मग फिक्सर, मग बघायचं. लागलं तर पुन्हा. लोभ केला की गालावरचा करडा रंग आधी उडतो आणि प्रिंट खडूसारखी दिसते. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो.

पांढरं ठीक आहे, पण प्रिंट मेलेली दिसते

हा फॉग नव्हे. दुसरी पट्टी स्वच्छ आहे, तरी प्रिंट पाणचट येते, तर पेपरने कॉन्ट्रास्ट गमावलाय. जुन्या मल्टिग्रेडमध्ये हे हमखास होतं. ५ नंबरचा फिल्टर लावावा तेव्हा ३ नंबरचं काम होतं. जास्त कॉन्ट्रास्टच्या निगेटिव्ह निवडा, फिल्टर वर न्या, डेव्हलपर कमी पातळ करा. बेंझोट्रायझोलने इथेही थोडी मदत होते. जादू होत नाही.

डाग, कडा, ठिपके

फक्त कडा काळवंडल्या असतील आणि मधला भाग स्वच्छ असेल तर पेपर बाहेरून आत म्हातारा होतोय. हवा कडेकडून शिरते. १० बाय १२ च्या शीटचा चारी बाजूंनी एकेक इंच काढून ८ बाय १० करा आणि विसरून जा.

तिरकस पट्टा किंवा ठळक सीमारेषा असलेला काळा भाग म्हणजे उजेड. कुणीतरी पाकीट उघडून पाहिलंय. अशा वेळी वरची, मधली आणि तळची अशी तीन शीट तपासा. उजेडाचा मार वरून खाली कमी होत जातो, वयाचा फॉग वरपासून तळापर्यंत सगळ्या शीटवर सारखा असतो. वरची दहा शीट गेली म्हणून खालची नव्वद गेली असं नाही.

कोकणातून आलेल्या पाकिटांत तिसराच प्रकार. करड्या भागात गोवर उठल्यासारखे बारीक ठिपके दिसतात, किंवा शीट एकमेकांना चिकटून सुटताना चकचकीत चट्टे पडतात. ही ओल. जिलेटिन म्हणजे शेवटी प्राण्यांच्या हाडाकातड्यातून काढलेलं प्रथिन, बुरशीला त्याहून मेजवानी ती कोणती? यावर कुठलंही द्रावण चालत नाही.

ठेवायचं कसं

थंड आणि कोरडं, एवढंच. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर पाकीट आधी हवाबंद प्लॅस्टिकमध्ये, आत सिलिका जेल, मग डबा. बाहेर काढल्यावर उघडायची घाई नको. रात्री काढा, सकाळी उघडा. नाहीतर थंड शीटवर दव धरतं आणि फ्रिजने वाचवलेला पेपर तुम्हीच घालवता. पावसाळ्यात तर हे डोळ्यांत तेल घालून पाळावं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आमच्या घरी आईने एकदा "हे काय काळं पाकीट" म्हणत ट्यूबलाइटखाली उघडून बघितलं होतं. चाळीस शीट.

नुकतंच रंगवलेलं कपाट किंवा नवं प्लायवूड पेपरपासून लांब ठेवा, त्यांच्या वाफाही फॉग चढवतात. पॅकिंगचा पुठ्ठासुद्धा कसा दगा देतो त्याचा गाजलेला दाखला १९४५ चा आहे. कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके यायला लागले आणि शोध घेता घेता माग इंडियाना राज्यातल्या पुठ्ठ्याच्या गिरणीपर्यंत गेला. न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या अणुचाचणीची धूळ तिथल्या नदीत उतरली होती आणि ते पाणी पुठ्ठ्यात गेलं होतं. आपल्या नशिबी पत्र्याचा माळा तेवढा आहे.

सेफलाइटचं एकदाच सांगतो. १५ वॅटचा बल्ब, पेपरपासून किमान चार फूट. फिल्टरचा रंग वर्षानुवर्षांच्या उजेडाने उडतो, तो कायमचा नसतो. बाजारातला रंगवलेला लाल झिरो बल्ब म्हणजे सेफलाइट नव्हे. कुठेकुठे खरवडलेल्या रंगातून पांढरा उजेड गळतो.

सिमेंट झालेल्या पेपरचं काय?

लिथ प्रिंटिंगसाठी तो अजूनही उपयोगी पडू शकतो, विशेषतः फायबर असेल तर. ऑफसेट छापखान्यांत प्रोसेस कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी जो लिथ डेव्हलपर वापरायचे, तोच खूप पातळ करून वापरायचा, एक्स्पोजर दोन-तीन स्टॉप जास्त. चित्र बराच वेळ येतच नाही आणि मग काळा रंग एकदम धावत सुटतो. नेमक्या क्षणी उचलायचं. पांढऱ्या भागांपर्यंत डेव्हलपमेंट पोचण्याआधीच प्रिंट बाहेर आल्यामुळे पुष्कळसा फॉग तसाच झोपून राहतो. डेव्हलपिंग एजंट घातलेल्या आरसीवर मात्र हे जमत नाही.

माझ्या माळ्यावरच्या तिन्ही पाकिटांचं तेच झालं असतं, पण ती आरसी. मग मी ती उन्हात घातली. शीटवर पिंपळाचं ओलं पान, वर काच, गॅलरीत दोन तास. डेव्हलपर नाहीच. ब्लॅक अँड व्हाइट पेपर उन्हात गुलाबी, विटकरी, जांभळा होतो, पानाच्या शिरा फिकट उमटतात आणि पानाला ओल असेल तिथे वेगळाच रंग चढतो. तो दिसला की लगेच, मंद उजेडात, स्कॅन करून ठेवा आणि मगच फिक्सरमध्ये टाका. हायपोत गेल्यावर निम्मा रंग उडून जातो.